आई एका खोलीत, बाळ दुसऱ्या खोलीत

धर्मापुरीहून आम्ही बोलतोय. मागच्या भागात आम्ही आपल्या केदारेश्वराच्या मंदिराविषयी आणि भुईकोट किल्ल्याविषयी बोललो. त्यावर दोघी-तिघींनी निरोप पाठवला, "राजे झाले, किल्ले झाले. बायकांचा इतिहास कधी सांगणार?" निरोप वाचून हसू आलं आणि जरा लाजही वाटली. म्हणून आज बाळंतपणाचा इतिहास. सगळा नाही, तो एका बैठकीत मावणार नाही. एवढाच सांगतो: बाळ जन्मलं की ते आईजवळ राहणार की नाही, हे आजवर कुणी ठरवलं आणि कसं ठरवलं.

हा विषय सुचायला कारण घडलं. आमच्यातल्या एकीची भाची गेल्या पावसाळ्यात बाळंत झाली. सिझर झालं. बाळ एक किलो नऊशे ग्रॅम भरलं, म्हणून त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. बाळ खालच्या मजल्यावर, आई वरच्या. पहिले चार दिवस तिनं स्वतःचं मूल पाहिलं ते नवऱ्याच्या मोबाईलमध्ये, फोटोत. "मला खाली नेता का?" असं तिनं दोनदा विचारलं. पहिल्यांदा सांगितलं, चालता येत नाही तर कशी येशील? दुसऱ्यांदा रागावले. दवाखान्याचं नाव आम्ही घेत नाही, कारण दवाखाना बदलला तरी गोष्ट बदलत नाही. आमच्या बैठकीत तिची मावशी हे सांगत होती आणि ऐकता ऐकता एकेक जण म्हणू लागली, माझंही असंच झालं होतं.

सुरुवात जरा लांबून करू. अजिंठ्याला गेलेल्या मैत्रिणींनी दोन नंबरच्या लेण्यात हारीतीची मूर्ती पाहिली असेल. शेजारी तिचा पती पांचिक बसलेला, आणि तिच्या मांडीवर मूल. गोष्ट अशी सांगतात की हारीती ही यक्षीण. तिला स्वतःची शेकडो लेकरं, पण ती दुसऱ्यांची मुलं पळवायची. लोक बुद्धाकडे गेले. बुद्धानं तिला शिक्षा केली नाही, शापही दिला नाही. तिचं सगळ्यात धाकटं लेकरू आपल्या भिक्षापात्राखाली लपवून ठेवलं. ती वेडीपिशी होऊन शोधत फिरली. तेव्हा बुद्ध म्हणाला, इतक्यांतलं एक दिसेना तर तुझी ही गत, मग ज्यांना एकच होतं त्यांचं काय? त्या दिवसापासून ती मुलं राखणारी देवी झाली. दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात कुणाला तरी वाटलं की ही गोष्ट दगडात कोरून ठेवावी. बाळंतीण बाईला बाळ न दिसणं म्हणजे काय, हे तेव्हाच्या लोकांना चांगलं माहीत होतं, असं आम्हाला वाटतं.

आता आपल्या आज्ज्यांच्या बाळंतिणीच्या खोलीत येऊ. तिथे आई आणि बाळ एकाच बाजेवर. खाली शेगडी, वर दुपटं, कोपऱ्यात ओवा-शेपाची धुरी. सटवाई पाचवीच्या रात्री येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून त्या रात्री जागरण. दहा दिवस सोयर, सव्वा महिना बाहेर पडायचं नाही. या खोलीची आठवण आज पुष्कळ जणी गोड करून सांगतात. आम्हाला ती तितकी गोड वाटत नाही. बाळंतिणीला ठेवायची जागा घरातली सगळ्यात अंधारी. धूर इतका, की आईचे आणि बाळाचे दोघांचे डोळे चुरचुरायचे. नाळ कापायला जे हाताशी येईल ते, आणि मग आठव्या दिवशी धनुर्वातानं बाळ जायचं. त्याला लोक "सटवाईनं नेलं" म्हणायचे.

आणखी एक. पहिले दोन-तीन दिवस बाळाला अंगावर घ्यायचं नाही, ही रीत. चिकाचं दूध जड, घाण, म्हणून पिळून टाकायचं आणि बाळाला मध किंवा गुळाचं पाणी चाटवायचं. ही समजूत काही आपल्या गावाची नाही. सुश्रुताच्या ग्रंथातही आईला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, तोवर मध-तूप द्या असंच आहे. पण गंमत पाहा. गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटून खातो. वासराला आधी पाजल्याशिवाय चीक काढू नये हेही घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक. आणि बाईचा चीक मात्र उकिरड्यावर! आज आपल्याला माहीत आहे की त्या पिवळसर चिकातच बाळाला रोगापासून राखणारं सगळ्यात जास्त असतं.

तरी एक गोष्ट त्या खोलीत बरोबर होत होती. आई आणि बाळ सोबत होते. ती विटाळाच्या नावाखाली होत होती, मायेच्या नव्हे. बाळंतिणीला कुणी शिवायचं नाही म्हणून बाळही तिच्याजवळच. चुकीच्या कारणानं बरोबर घडलेली ही गोष्ट आहे.

सगळ्यांच्या नशिबी तेही नव्हतं. तरुण विधवेला दिवस गेले तर तिला दोनच वाटा असायच्या, विहीर नाहीतर बाळाच्या गळ्याला नख. १८६३ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, नाहीतर ठेवून जा, असा तिथला कारभार. १८७४ मध्ये काशीबाई नावाची अशीच एक विधवा आली. तिचा मुलगा फुले पतिपत्नींनी दत्तक घेतला, तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. या घराकडे आपण बहुतेक वेळा "मूल वाचवलं" एवढ्यापुरतंच पाहतो. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे की मूल ठेवायचं की सोडायचं, हे तिथे बाईला विचारलं जात होतं.

मग दवाखाने आले. मुंबईत १८८६ मध्ये बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. दवाखान्यांनी बायकांचे जीव वाचवले, याबद्दल दुमत नाही. पण युरोप-अमेरिकेत विसावं शतक सुरू झाल्यावर तिथल्या मोठ्या दवाखान्यांनी एक नवी पद्धत आणली. बाळंतिणीला गुंगीचं औषध देत, त्यामुळे ती तासन्‌तास शुद्धीवर नसे. संसर्गाची भीती असे. मग सगळी बाळं एका खोलीत, रांगेनं, काचेपलीकडे. दर चार तासांनी घड्याळ पाहून बाळ आणायचं, पाजून घ्यायचं, परत न्यायचं. बाप काचेतून बोट दाखवून विचारायचा, आमचं कोणतं? पॅरिसचे डॉ. पिएर बुदँ यांच्यासारखे डॉक्टर तेव्हाही सांगत होते की नाजूक बाळाच्या आईला दूर करू नका, तिचं दूध आटेल. पण पेट्या लोकांना जास्त आवडल्या. अमेरिकेत तर कमी दिवसांची बाळं पेटीत ठेवून, तिकीट लावून, जत्रेत दाखवत. हे आम्ही वाचलं तेव्हा विश्वास बसला नव्हता.

आपल्याकडच्या बऱ्याच सरकारी दवाखान्यांत बाळांसाठी वेगळी खोली बांधायला पैसेच नव्हते, म्हणून आई-बाळ एकाच खाटेवर राहिले. गरिबीचा एवढा एक फायदा. पण मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांनी पद्धत उचलली आणि पाठोपाठ पावडरच्या दुधाचा डबा आला. डब्यावर गुटगुटीत गोरं बाळ. आई लांब, बाळ रडतंय, हाताशी बाटली. डबा खपायला आणखी काय लागतं?

हे उलटं फिरवायला सुरुवात कुठे झाली म्हणाल, तर फिलिपिन्स देशात, बागिओ नावाच्या डोंगरातल्या गावी. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. नातिविदाद क्लावानो यांनी १९७० च्या दशकाच्या मध्याला बाळांची खोलीच बंद केली. बाटल्या बंद, डब्यांच्या कंपन्यांची चित्रं भिंतीवरून खाली, आणि बाळ आईच्या कुशीत. आधीची दोन वर्षं आणि नंतरची दोन वर्षं मिळून जवळजवळ दहा हजार बाळांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. आजारपणं आणि मृत्यू दोन्ही झपाट्यानं उतरले होते. एका बाईनं ठेवलेल्या वह्यांनी जगाला विचार करायला लावला.

आपल्या महाराष्ट्रातली गोष्टही कमी नाही. मुंबईत शीवला, म्हणजे सायनला, महापालिकेचं लोकमान्य टिळक हॉस्पिटल आहे. जवळच धारावी. तिथल्या नवजात बाळांच्या विभागात डॉ. आर्मिडा फर्नांडिस काम करायच्या. धारावीतली कमी वजनाची बाळं यायची आणि संसर्गानं, हगवणीनं जायची. नर्सा कमी, बाळं जास्त, बाटल्या उकळायला वेळ कुणाला? त्यांनी बाटली काढून टाकली आणि आयांना आत घेतलं. बाळाला आईचंच दूध, आणि बाळाची काळजी घ्यायला आईचेच हात. बाईकडे "रोगजंतू घेऊन येणारी" म्हणून बघायचं, की बाळाची सगळ्यात भरवशाची परिचारिका म्हणून, हा सगळा प्रश्न तिथे उलटा झाला. ज्या बाळाला आई नाही किंवा आईला दूध नाही, त्याच्यासाठी १९८९ मध्ये त्यांनी आईच्या दुधाची पेढी काढली. आशियातली ती पहिली. दुसऱ्या बायकांनी दिलेलं दूध तपासून, तापवून, गार करून ठेवायचं. आमच्यातल्या एक आजी हे ऐकून म्हणाल्या, "आमच्या वेळी जाऊ पाजायची की. त्याला पेढी म्हणत नव्हते एवढंच."

त्यानंतरची तीन-चार वर्षं भराभर गेली. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं "बाळस्नेही दवाखाना" ही मोहीम काढली. तिच्या दहा नियमांपैकी एक हाच, की आई आणि बाळ चोवीस तास एकत्र. त्याच वर्षी ३ डिसेंबरला आपल्या वर्ध्यात स्तनपानाचा प्रसार करणाऱ्या डॉक्टर-कार्यकर्त्यांची देशपातळीवरची संघटना उभी राहिली. १९९२ मध्ये संसदेनं डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर आणि फुकट वाटपावर बंदी घालणारा कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून लागू आहे. आजही एखाद्या दवाखान्यात बाळंतिणीच्या हाती फुकट डबा ठेवला तर तो गुन्हा आहे. हे फार थोड्या जणींना माहीत असतं.

शहराची गोष्ट झाली. गडचिरोलीत त्याच काळात डॉ. राणी आणि अभय बंग यांनी ३९ गावांत वेगळाच मार्ग धरला. बाळ दवाखान्यात न्यायचंच कशाला, दवाखाना घरी आणू. गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवलं. तिनं बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचा श्वास पाहायचा, ताप मोजायचा, ऊब ठेवायची, संसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायचं. बाळ आईजवळच. तिथे हजारी ६२ च्या आसपास असलेले नवजात बाळांचे मृत्यू काही वर्षांतच २५ च्या आसपास आले. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येतात, बेचाळीस दिवसांत सहा खेपा घालतात, त्याची मुळं तिथे आहेत. आशाताई आली की चहा देऊन वाटेला लावू नका. बाळ उघडून दाखवा.

आता पेटीचं बोलू, कारण आमच्या भाचीचा प्रश्न पेटीचाच होता. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. त्याच्या राजधानीत, बोगोटात, १९७८ च्या सुमाराला डॉ. एडगर रे यांच्याकडे पेट्या कमी पडल्या. एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं. त्यांनी बाळं आयांच्या छातीवर बांधली. कांगारू जसं पिल्लू पोटाच्या पिशवीत ठेवतं तसं, म्हणून नाव पडलं कांगारू पद्धत. करायची कशी? बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मध्ये, बाळ उभं ठेवायचं. मान एका बाजूला वळलेली आणि किंचित वर, म्हणजे श्वास मोकळा राहतो. वरून लुगड्याचा पट्टा किंवा ओढणी बांधायची. आईनं थोडं मागे टेकून बसायचं. आई दमली तर आजी, आत्या, अगदी बापसुद्धा हे करू शकतो. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ही पद्धत पारखून पाहिली आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. या बाळांचं वजन चांगलं वाढलं आणि ती थंड कमी पडली.

पण एक अट राहिलीच होती. बाळ आधी पेटीत ठीक होऊ दे, मग आईच्या छातीवर. ही अट २०२१ मध्ये मोडली. दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल आणि आफ्रिकेतल्या घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया या देशांतल्या दवाखान्यांत मिळून ३,२११ बाळांवर अभ्यास झाला. बाळं एक किलो ते एक किलो आठशेच्या आतली. अर्ध्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर दिलं आणि त्यासाठी नवजात विभागातच आईची खाट टाकली. उरलेल्यांना जुन्या पद्धतीनं आधी पेटीत ठेवलं. महिनाभरात पेटीवाल्या शंभरातली जवळजवळ सोळा दगावली, आईजवळच्या शंभरातली बारा. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा आधी थांबवला. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: अगदीच अत्यवस्थ बाळ नसेल तर आधी आई.

पेटी वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. श्वास न घेणाऱ्या बाळाला यंत्र लागतं आणि ते मिळालंच पाहिजे. आम्ही म्हणतो ते इतकंच, की पेटीशेजारी एका खाटेची जागा कुणी धरलीच नव्हती. इमारतीचा नकाशा काढताना आई मोजलीच नाही.

९ जानेवारी २०२१ ची पहाट आपण कुणी विसरलो नसू. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागाला आग लागली. आत सतरा बाळं होती, सात वाचली, दहा गेली. आया विभागाबाहेर होत्या. त्या आत असत्या तर काय झालं असतं, यावर आम्ही बोलणार नाही. तो अंदाज करायचा आम्हाला हक्क नाही. पण त्या दिवशी टीव्हीवर त्या माउल्या पाहताना आमच्यातल्या एकीनं टीव्ही बंद केला आणि कुणी काही बोललं नाही. आणि त्याच्या आदल्या वर्षी, कोरोनात, आईला लागण झाली की बाळ हिसकावून दुसरीकडे नेणं जगभर कितीतरी ठिकाणी चाललं. तोंडाला मास्क बांधा, हात धुवा आणि बाळाला जवळ ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही सांगत होती.

आपल्या बीड जिल्ह्याचं वेगळं दुखणं आहे, ते सांगितल्याशिवाय उठता येणार नाही. दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडची गावं रिकामी होतात. कोयता घेऊन माणसं कारखान्याला जातात, त्यात पोटुशी बाईही असते, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता आणि उचल दोघांवर घेतलेली. ती फडात बाळंत होते, कोपीत बाळंत होते. तिथे बाळ आईजवळच असतं म्हणावं, तर तसंही नाही. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. म्हणून थोड्याच दिवसांत आई फडात आणि बाळ कोपीत, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, हजारो बायकांच्या पिशव्या काढल्याचं पुढे आलं. तेव्हा सगळ्यांनी पिशव्या मोजल्या. कोपीत ठेवलेली बाळं मोजायला कुणी गेलं का, हा प्रश्न आम्हाला पडतो. दवाखान्यातली काच दिसते. फड आणि कोपी यांच्यामधली काच दिसत नाही.

कागदावर आज बरंच आपल्या बाजूनं आहे. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण, गाडी, आजारी बाळाचे उपचार, सगळं मोफत. २०१६ पासून बाळंतपणाच्या खोलीत आपल्या माणसातली एक बाई सोबत ठेवता येते. २०१७ मध्ये सरकारनं "लक्ष्य" नावाचा कार्यक्रम काढला, त्यात बाळंतिणीशी आदरानं वागणं, तिच्यावर न ओरडणं, पहिल्या तासात बाळ अंगावर देणं हे तपासलं जातं. कागद दवाखान्याच्या भिंतीवर असतो. तो वाचून दाखवायला माणूस लागतो.

भाचीचं पुढे काय झालं, ते राहिलं. पाचव्या दिवशी तिला खाली नेलं. तोवर दूध आटत आलं होतं. बाळ घरी आल्यावर मावशीनं आणि आशाताईनं मिळून तीन आठवडे तिच्याजवळ बसून, बाळाला छातीवर ठेवून ठेवून, दूध परत आणलं. बाळ आता रांगतंय. दिवाळीनंतर आमच्यातल्या चौघी त्याच दवाखान्यात गेल्या. भांडायला नाही. मोठ्या मॅडमना म्हणालो, "मॅडम, खाटेला जागा नाही हे दिसतंय. खुर्ची तरी ठेवता का?" मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, बघते.

गेल्या महिन्यात एकीच्या सुनेला बघायला गेलो तर पेटीशेजारी लाल प्लॅस्टिकची खुर्ची होती. तिच्यावर एक कोवळी पोर बसलेली, गाऊनवर दवाखान्याचा हिरवा डगला, पेटीच्या गोल खिडकीतून एक हात आत. बाळानं तिचं बोट धरलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "सकाळपासून बसलीय. जेवायला मीच उठवते तिला."